स्कायलाइट: ऊन नको, उजेड हवा

आर्क्टिक समुद्रातल्या पाणबुड्यांविषयीचा एक इंग्रजी मजकूर मध्यंतरी मराठीत आणत होते. त्यात बराच शोध घेतल्यावर एका पाणबुडीला ‘स्कायलाइट’ सापडतो. मी बिनदिक्कत ‘छतातला झरोका’ असं लिहून पुढे गेले. दोन पानांनंतर ती पाणबुडी त्याच झरोक्यातून समुद्राच्या वर आली, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की समुद्राखाली चालणाऱ्या बोटीला छतात झरोका ठेवायचं कुणाला सुचेल? झरोका बोटीचा नव्हता, तो बर्फाचा होता.

जागतिक हवामान संघटनेच्या सागरी बर्फाच्या परिभाषेत हा शब्द अधिकृतपणे आहे. डोक्यावर बर्फाचं जाड आच्छादन पसरलेलं असताना त्यात मध्येच एखादी जागा पातळ, बहुधा एक मीटरहूनही कमी जाडीची असते. खालून पाहणाऱ्याला सगळीकडच्या काळोखात तेवढाच तुकडा फिका, उजळ दिसतो. तो स्कायलाइट. बर्फावर उभ्या असलेल्या माणसाच्या लेखी तिथे असं काहीच नसतं. त्या नावाला अर्थ आहे तो खालून पाहणाऱ्यापुरता.

चूक दुरुस्त झाली, पण शब्द काही डोक्यातून जाईना. शब्दकोश काढला तर तिथे एका नावाखाली निराळ्या जातीच्या वस्तू बसलेल्या. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागतो. त्याचा एक अर्थ आकाशातून येणारा उजेड, आणि दुसरा तो उजेड आत घेणारी छतातली खिडकी. म्हणजे येणारा पाहुणा आणि दार, दोघांचं नाव एकच. दारूच्या बैठकीतही हा शब्द जाऊन आला आहे. प्याला काठोकाठ भरला नाही तर वर जी मोकळी जागा राहते, तिला जुने इंग्रज पिणारे स्कायलाइट म्हणत, आणि ती ठेवणाऱ्याला हसत.

त्यातला ‘स्काय’ तर मुळात आकाशही नव्हता. उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता ढग. इंग्रजांचा स्वतःचा आकाशवाचक शब्द ‘हेवन’. तो हळूहळू देवाच्या घराकडे सरकला आणि रिकाम्या जागेवर ढग येऊन बसला. मराठी माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही. आपलं ‘आभाळ’ संस्कृत ‘अभ्र’च्या कुळातलं, आणि अभ्र म्हणजे ढगच. आजही ‘आभाळ आलंय’ म्हटलं की कुणी वर आकाश आहे का ते पाहत नाही, वाळत घातलेले कपडे काढायला धावतो.

मराठीत एक सोय मात्र इंग्रजीहून बरी आहे. आपल्याकडे ऊन वेगळं आणि उजेड वेगळा. सूर्याचा थेट किरण अंगावर पडतो ते ऊन, आणि सगळ्या आकाशाने वाटून घेतलेला, सावली न पाडणारा तो उजेड. चित्रकाराला आणि जुन्या काळच्या फोटोवाल्याला हवा असायचा तो हा दुसरा. इंग्लंडमधलं चित्रं लावण्यासाठीच बांधलेलं पहिलं सार्वजनिक दालन म्हणजे लंडनजवळचं डलिच. ते १८१७ साली लोकांना खुलं झालं. जॉन सोन या वास्तुकाराने तिथे भिंती चित्रांसाठी मोकळ्या ठेवल्या आणि उजेड वरून घेतला. पुढे जगभरच्या दालनांनी तोच कित्ता गिरवला. पण त्या काळी इंग्लंडात वरचा उजेडही फुकट नव्हता. १६९६ पासून १८५१ पर्यंत घराच्या खिडक्या मोजून कर घेत, आणि मोजदादीतून छतातल्या खिडक्याही सुटत नसत. वर काचेवर निराळा कर होता, तो १८४५ साली उठला. पुढची काही दशकं इंग्रजांनी रेल्वे स्टेशनांपासून प्रदर्शनांपर्यंत दिसेल त्या इमारतीला काचेचं छप्पर घातलं, ते या पार्श्वभूमीवर पाहायला हवं.

ती काच मुंबईला आली गिरण्यांबरोबर. कावसजी दावर यांची कापडगिरणी १८५६ साली चालू झाली आणि मागोमाग गिरणगाव उभं राहिलं. सूत काढायची खाती मजल्यांवर चढवता येत, पण साचे जड, हादरे देणारे. त्यांना जमिनीवरची, ऐसपैस, एकमजली जागा लागे. इतक्या रुंद शेडच्या मध्यापर्यंत भिंतीतल्या खिडक्यांचा उजेड पोचत नाही. म्हणून करवतीच्या दात्यांसारखं छप्पर आलं. दात्याची एक बाजू झाकलेली, उतरती, तर दुसरी उभट, काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली. नमुना लँकेशायरचा. तिथला सूर्य दुपारी कधीच उत्तरेला जात नाही, त्यामुळे उत्तरेच्या काचेतून भर दुपारी ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. मुंबईचं अक्षांश एकोणीस. इथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. तेवढे दिवस विलायती हिशेब इथे चुकतो. जूनमध्ये आभाळ येऊन ही चूक झाकून टाकतं, हे गिरणीमालकांचं नशीब.

माझे आजोबा साचेखात्यात होते. वर काच होती हे त्यांच्या बोलण्यात क्वचित यायचं, वारा नव्हता हे मात्र नेहमी. दमट हवा नसेल तर ताणा तुटतो, म्हणून साचेखातं शक्य तितकं बंद ठेवायचं. त्या खिडकीचं कामच उजेड आत घ्यायचा आणि हवा बाहेर ठेवायची.

आता जी गोष्ट सांगणार आहे, तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. विजेचे दिवे यायच्या आधी गिरणीचा दिवस छपरातल्या काचेवर ठरे. उजाडलं की काम सुरू, सुताचा धागा दिसेनासा झाला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, हिवाळ्यात लहान. १८८४ च्या सप्टेंबरात ‘दीनबंधू’चे संपादक, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळमध्ये गिरणीकामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, पगार वेळेवर मिळावा आणि जखमी कामगाराला भरपाई मिळावी असंही होतं. आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं, हीही मागणी होती. मला या मागणीतली विषम जोडणी फार बोलकी वाटते. सुरुवात घड्याळाने, शेवट सूर्याने. सकाळच्या बाबतीत मालकावर भरवसा नव्हता म्हणून तिथे आकडा घातला. संध्याकाळी मात्र मालकालाही न ऐकणारा एक साक्षीदार डोक्यावर होता.

रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. साक्षीदार मात्र पुढे फुटला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि १९०५ च्या सुमारास काही ठिकाणी कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. कामगार चिडले, दंगेधोपे झाले. १९०८ साली सरकारी आयोगाने चौकशी केली आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणून ठेवला. विजेचा दिवा म्हणजे प्रगती असं शाळेच्या पुस्तकात आपण शिकलो. साचेखात्यात तो आला आणि वरची काच काळी पडल्यावर घरी जायची सोय गेली.

हाच शब्द मुंबईच्या बंदरात १९२१ सालच्या सप्टेंबरात आणखी एका रूपात आला. इंग्लंडहून ‘नारकुंडा’ बोटीने परतणारे चंद्रशेखर वेंकट रामन वाटेत समुद्राचा निळा रंग पाहत होते. समुद्राचा निळा म्हणजे आकाशाच्या निळ्याचं प्रतिबिंब, असं लॉर्ड रॅले यांचं मत. रामन यांच्याकडे निकोलचा लोलक होता. योग्य कोनातून त्यातून पाहिलं की पाण्यावरून परतणारा आकाशाचा उजेड, म्हणजे पदार्थविज्ञानातला स्कायलाइट, गाळला जातो. तो गाळला तरी समुद्र निळाच राहिला. मुंबई बंदरात उभ्या असलेल्या बोटीवरूनच त्यांनी ‘नेचर’ नियतकालिकाला तसं पत्र लिहिलं. पुढचं १९२८ आणि १९३० सर्वांना ठाऊक आहे.

पण माझं वाक्य अजून अडलेलं होतं. १७ मार्च १९५९ रोजी ‘स्केट’ ही अमेरिकन पाणबुडी पातळ बर्फ फोडून थेट उत्तर ध्रुवावर वर आली. खलाशांनी तिथे ह्यूबर्ट विल्किन्स यांची रक्षा वाऱ्यावर सोडली. बर्फाखालून पाणबुडी न्यायचा खटाटोप याच माणसाने १९३१ साली करून पाहिला होता. अशा जागेला मराठीत काय म्हणायचं? झरोका भिंतीतला वाटतो, गवाक्ष राजवाड्यातलं. कोकणातलं काचेचं कौल चाललं असतं, पण कौलारू छप्पर हलकं, त्याला बर्फाची जाडी नाही.

शेवटी सोलापूरकडच्या एका मैत्रिणीने शब्द दिला. माळवदाच्या घराला तुळयांवर काटक्या आणि त्यावर मातीचा जाड थर असतो. चोराच्या भीतीने भिंतीत खिडक्या जवळजवळ नाहीतच. अशा घरात उजेडासाठी आणि धुरासाठी माळवदात एक भोक ठेवलेलं असतं. पाऊस आला की त्यावर झाकण ठेवायचं. आत अंधारात बसलेल्या माणसाला डोक्यावर तेवढंच आभाळ दिसतं. त्याला सानं म्हणतात.

मी लिहिलं: पाणबुडीला सानं सापडलं. छापून येताना संपादकांनी त्याचा झरोका केला.