श्रीलंकेतील शांतिसेना : रणनीतीतील चुका आणि न गिरवलेले धडे

भारतीय शांतिसेनेच्या अखेरच्या तुकडीने २४ मार्च १९९० रोजी त्रिंकोमाली बंदर सोडले आणि सुमारे ३२ महिने चाललेली मोहीम संपुष्टात आली. या काळात सुमारे १,२०० भारतीय जवान व अधिकारी धारातीर्थी पडले, तर जखमींची संख्या हजारोंच्या घरात गेली. ज्या एलटीटीई संघटनेला निःशस्त्र करण्याची जबाबदारी या सेनेवर होती, ती संघटना मात्र शस्त्रांसह शाबूत राहिली. बंडखोरीविरोधी लढाईत रणनीती कोठे चुकते, याचे स्वतंत्र भारताच्या लष्करी इतिहासातील हे सर्वांत ठळक उदाहरण मानले जाते.

पार्श्वभूमी

जुलै १९८३ मध्ये कोलंबोसह श्रीलंकेच्या अनेक भागांत तामीळविरोधी दंगली उसळल्या आणि हजारो निर्वासितांनी तामीळनाडूचा आश्रय घेतला. त्यानंतर भारताने तामीळ बंडखोर गटांना प्रशिक्षण व शस्त्रे पुरवली. श्रीलंका सरकारवर दबाव राखणे हा त्यामागील हेतू होता. स्वतंत्र तामीळ ईलमची निर्मिती हा नव्हता. वेलुपिल्लई प्रभाकरन यांच्या नेतृत्वाखालील एलटीटीईचे उद्दिष्ट मात्र स्वतंत्र राष्ट्र हेच होते. १९८६ पर्यंत या संघटनेने टेलोसारख्या प्रतिस्पर्धी तामीळ गटांचा हिंसक बीमोड केला आणि आपले वर्चस्व प्रस्थापित केले.

मे १९८७ मध्ये श्रीलंकेच्या लष्कराने जाफना द्वीपकल्पातील वडमराच्ची भागात मोठी कारवाई केली. ४ जून १९८७ रोजी भारतीय हवाई दलाच्या विमानांनी जाफना भागात मदतसामग्री टाकली. यानंतर हालचालींना वेग आला आणि २९ जुलै १९८७ रोजी कोलंबो येथे पंतप्रधान राजीव गांधी व राष्ट्राध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी भारत-श्रीलंका करारावर स्वाक्षऱ्या केल्या. उत्तर व पूर्व प्रांतांचे तात्पुरते विलीनीकरण, प्रांतांना अधिकार आणि युद्धबंदीनंतर ७२ तासांत बंडखोरांचे शस्त्रसमर्पण, या त्यातील प्रमुख तरतुदी होत्या. दुसऱ्याच दिवशी मानवंदना स्वीकारताना श्रीलंकेच्या एका नौसैनिकाने राजीव गांधी यांच्यावर बंदुकीच्या दस्त्याने हल्ला केला. सिंहली समाजातील असंतोषाची ती चुणूक होती.

मध्यस्थाचा झाला युद्धमान पक्ष

कराराचा मूळ दोष त्याच्या रचनेतच होता. ज्यांनी शस्त्रे खाली ठेवायची होती, ते करारात पक्षकार नव्हते. ४ ऑगस्ट १९८७ रोजी सुदुमलै येथील सभेत प्रभाकरन यांनी करार नाइलाजाने मान्य करीत असल्याचे सूचित केले. एलटीटीईने काही शस्त्रे सुपूर्द केली. बरीचशी दडवून ठेवली.

सप्टेंबरमध्ये एलटीटीईचे नेते तिलीपन यांनी जाफना येथे उपोषण आरंभले आणि २६ सप्टेंबर रोजी त्यांचा मृत्यू झाला. ऑक्टोबरच्या प्रारंभी श्रीलंकेच्या नौदलाने कुमारप्पा व पुलेंद्रन यांच्यासह १७ जणांना समुद्रात पकडले. त्यांना कोलंबोला नेण्याचा आग्रह श्रीलंका सरकारने धरला, तेव्हा ५ ऑक्टोबर रोजी पलाली येथे त्यांनी सायनाइड घेतले व त्यांपैकी १२ जण मरण पावले. हे बंदी भारतीय सेनेच्या उपस्थितीत असूनही त्यांना वाचवता आले नाही. एलटीटीईने शस्त्रसंधी झुगारली आणि अवघ्या काही दिवसांत शांतिसेनेला युद्धाचे आदेश मिळाले.

जाफन्याची लढाई

'ऑपरेशन पवन' या नावाने ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कारवाई सुरू झाली. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठ परिसरात हेलिकॉप्टरमधून सैनिक उतरवण्यात आले. एलटीटीईचे वरिष्ठ नेतृत्व तेथे एकत्र सापडेल, असा अंदाज होता. परंतु भारतीय सेनेचे बिनतारी संदेश एलटीटीईने ऐकले होते आणि त्यांचे बंदूकधारी दबा धरून बसले होते. गोळीबारामुळे पुढील फेऱ्या थांबवाव्या लागल्या. १३ शीख लाइट इन्फन्ट्रीचे केवळ ३० जवान उतरू शकले. त्यांपैकी २९ जणांना वीरमरण आले व एक जण पकडला गेला. १० पॅरा कमांडोंची तुकडी आसपासच्या घरांच्या आडोशाने लढत राहिली. रेल्वेमार्गावरून वाट काढत आलेल्या रणगाड्यांच्या साहाय्याने तिची सुटका झाली.

ही मोहीम अल्पावधीत आटोपेल, ही अपेक्षा फोल ठरली. शहर ताब्यात यायला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला. रस्त्यांखाली पेरलेले भूसुरुंग, उंच इमारतींवरून होणारा नेमका गोळीबार आणि नागरी वेशात मिसळलेले शत्रू यांमुळे प्रत्येक चौक झुंजून घ्यावा लागला. २१ ऑक्टोबर रोजी जाफना रुग्णालयात शिरलेल्या भारतीय सैनिकांच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर व कर्मचारी मृत्युमुखी पडले. तामीळ जनतेच्या मनात या घटनेने उमटलेला ओरखडा पुढे कधीच बुजला नाही.

सैनिकांच्या शौर्यात कोठेही उणीव नव्हती. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी छातीत गोळी लागलेली असतानाही शत्रूची बंदूक हिसकावून घेणारे ८ महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र प्रदान करण्यात आले. उणीव होती ती आखणीत.

रणनीतीतील चुका

पहिली चूक उद्दिष्टासंबंधी होती. शस्त्रसमर्पणावर देखरेख ठेवण्यासाठी गेलेले सैन्य अचानक युद्धात उतरले, परंतु एलटीटीईचा नाश करावयाचा की तिला चर्चेस भाग पाडावयाचे, याचा निर्णय स्पष्टपणे झाला नाही. एकीकडे लष्करी कारवाई आणि दुसरीकडे गुप्त वाटाघाटी अशी दुहेरी वाटचाल सुरू राहिली. कारवाईत वेळोवेळी आलेल्या विरामांचा उपयोग एलटीटीईने सावरण्यासाठी केला.

दुसरी चूक गुप्तवार्तांची. एलटीटीईला प्रशिक्षण देणाऱ्या यंत्रणेला तिची लढाऊ क्षमता व चिकाटी जोखता आली नाही. आपण घडवलेली संघटना आपल्याविरुद्ध लढणार नाही, या गृहीतकावर सारी भिस्त होती. शिवाय हाती असलेली माहिती मैदानावरील तुकड्यांपर्यंत वेळेवर पोहोचत नव्हती आणि अनेक तुकड्यांना जुन्या नकाशांवर विसंबावे लागले.

तिसरी चूक आदेशसाखळीची. मोहिमेचे सर्वोच्च सेनापती लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग हे पुणे येथे मुख्यालय असलेल्या दक्षिण कमांडचे प्रमुख होते. जाफन्यात मेजर जनरल हरकीरत सिंग, कोलंबोत उच्चायुक्त जे. एन. दीक्षित आणि दिल्लीत लष्करप्रमुख जनरल के. सुंदरजी, अशा अनेक केंद्रांतून सूचना येत. १४-१५ सप्टेंबर १९८७ च्या रात्री प्रभाकरन यांना भेटीस आल्यावर ठार मारण्याची सूचना उच्चायुक्तांनी केली होती व आपण ती नाकारली, असा दावा हरकीरत सिंग यांनी नंतर आपल्या पुस्तकात केला. लष्करी आणि राजनैतिक नेतृत्वातील विसंवादाची कल्पना या दाव्यावरून येते.

चौथी चूक सज्जतेची. पारंपरिक युद्धासाठी तयार केलेली ५४ वी डिव्हिजन सर्वप्रथम पाठवण्यात आली. नागालँड व मिझोराममध्ये भारतीय लष्कराने अनेक वर्षे बंडखोरीचा सामना केला होता. जंगलयुद्धाचे प्रशिक्षण देणारी संस्था मिझोराममधील वैरेंगटे येथे कार्यरत होती. तरीही तो अनुभव प्रारंभीच्या तुकड्यांच्या पाठीशी नव्हता. शत्रूच्या हाती एके-४७ असताना भारतीय जवान एकेक गोळी झाडणारी एसएलआर रायफल घेऊन लढत होते.

पाचवी आणि कदाचित सर्वांत महागात पडलेली चूक म्हणजे जनाधार गमावणे. तामीळ जनतेने ज्या सैनिकांचे हारतुऱ्यांनी स्वागत केले, त्यांच्याकडेच ती पुढे परकीय आक्रमक म्हणून पाहू लागली. शांतिसेनेच्या पाठबळावर ईपीआरएलएफने उभारलेल्या 'तामीळ राष्ट्रीय सेने'त तरुणांची सक्तीने भरती झाली, त्यामुळे हा दुरावा वाढला. भारतातही एकवाक्यता नव्हती. पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडे युद्ध पेटलेले असताना एलटीटीईच्या जखमींवर तामीळनाडूत उपचार होत होते.

माघार आणि परिणाम

लेफ्टनंट जनरल ए. एस. कालकट यांच्या नेतृत्वाखाली शांतिसेनेने पुढे सुधारणा केल्या. सैन्यबळ चार डिव्हिजनपर्यंत वाढले, एलटीटीईला वन्नीच्या जंगलात ढकलण्यात आले आणि नोव्हेंबर १९८८ मध्ये उत्तर-पूर्व प्रांतात निवडणुका पार पडल्या. तोवर राजकीय जमीन पायाखालून सरकली होती. जानेवारी १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी आलेले रणसिंघे प्रेमदासा यांनी भारतीय सैन्याने परत जावे, अशी मागणी केली. त्यांच्या सरकारने भारतीय सैन्याशी लढण्यासाठी एलटीटीईलाच शस्त्रे पुरवल्याचे नंतर उघड झाले. राष्ट्राध्यक्षांच्या निमंत्रणावरून गेलेल्या सेनेला निमंत्रण संपताच थांबण्याचा आधार उरला नाही. परतलेल्या जवानांच्या स्वागतास तामीळनाडूचे मुख्यमंत्री एम. करुणानिधी यांनी उपस्थित राहण्याचे नाकारले.

शांतिसेना परतताच एलटीटीईने उत्तरेत पुन्हा जम बसवला. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधी यांची आणि १ मे १९९३ रोजी कोलंबोत प्रेमदासा यांची आत्मघातकी हल्ल्यांत हत्या झाली. मे २००९ मध्ये श्रीलंकेच्या लष्कराने एलटीटीईचा पाडाव केला. परंतु अखेरच्या टप्प्यात मोठ्या संख्येने तामीळ नागरिक बळी पडले.

धडे : काही गिरवलेले, काही राहिलेले

काही बाबतींत बदल झाले. १९९० मध्ये बंडखोरीविरोधी कारवायांसाठी राष्ट्रीय रायफल्सची उभारणी झाली. २००६ मध्ये लष्कराने या स्वरूपाच्या संघर्षासाठी स्वतंत्र युद्धतत्त्वप्रणाली प्रसिद्ध केली. तीत जनतेचा विश्वास आणि किमान बळाचा वापर यांवर भर देण्यात आला.

अन्य धडे मात्र दीर्घकाळ पाटीवरच राहिले. गुप्तवार्ता यंत्रणांमधील समन्वयाचा अभाव १९९९ च्या कारगिल संघर्षात पुन्हा दिसला आणि के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्यावर बोट ठेवले. संरक्षण दल प्रमुख हे पद निर्माण करण्याची शिफारस मंत्रिगटाने २००१ मध्ये केली. जनरल बिपिन रावत यांनी त्या पदाची सूत्रे स्वीकारली ती १ जानेवारी २०२० रोजी. जंगलयुद्धाच्या पूर्वतयारीचा प्रश्नही सुटला नव्हता. ६ एप्रिल २०१० रोजी छत्तीसगडमधील दंतेवाडा भागात माओवाद्यांच्या सापळ्यात सुरक्षा दलांचे ७६ जवान मृत्युमुखी पडले, तेव्हा प्रशिक्षण आणि दक्षतेविषयीचे तेच प्रश्न पुन्हा विचारले गेले.

करारातून आलेली श्रीलंकेच्या राज्यघटनेतील १३ वी दुरुस्ती आणि प्रांतिक मंडळे हे त्या प्रयत्नांचे मागे उरलेले फलित होय. उत्तर व पूर्व प्रांतांचे विलीनीकरण तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अवैध ठरवले, तर स्वतंत्र उत्तर प्रांताच्या मंडळाची पहिली निवडणूक व्हायला २०१३ साल उजाडले. कोलंबोजवळ, श्रीलंकेच्या संसदेच्या परिसरात शांतिसेनेच्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. बंडखोरीविरुद्ध सैन्य पाठवण्यापूर्वी त्याने नेमके काय साध्य करावयाचे आणि ते कधी परतणार, हे ठरवण्याची जबाबदारी राजकीय नेतृत्वाची असते. १९८७ मध्ये हे दोन्ही प्रश्न अनुत्तरित ठेवूनच जहाजे निघाली होती.