दुखतो हात, दबलीये मानेतली नस

मंडळी, माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट पाच आठवडे बधिर आहे. डॉक्टर म्हणतात, मानेत नस दबलीये. हाताचं दुखणं मानेतून येतं, हे कळलं कधी?

१९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दाखवलं, की कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकून नस दाबते आणि पाय दुखतो. त्याआधी सर्जन त्या सरकलेल्या तुकड्याला बऱ्याचदा चक्क ट्यूमर समजत!

मानेचा नंबर १९४३ मध्ये लागला. मेम्फिसच्या सेम्स आणि मर्फी यांनी चार पेशंट मांडले. लक्षणं हार्टच्या दुखण्यासारखी, पण दोष सहाव्या-सातव्या मणक्यांमधल्या गादीत. तिथली सातवी नस दंडाच्या मागच्या स्नायूला आणि मधल्या बोटाकडे जाते. एरर एकीकडे, बग भलतीकडे. पुढच्याच वर्षी स्पर्लिंग आणि स्कोव्हिल यांनी साधी टेस्ट सांगितली: डोकं दुखऱ्या बाजूला कलवून वरून दाबायचं, कळ हातात उतरते का बघायचं. एमआरआय तेव्हा कुठला! आजही डॉक्टर ती करतात. (घरी करू नका.)

मला धीर दिला तो १९९४ च्या पेपरने. अमेरिकेतल्या रोचेस्टरचे ५६१ पेशंट. साधारण चौथ्या हिश्श्याचं ऑपरेशन झालं. शेवटच्या तपासणीत ९० टक्के लोकांना त्रास नव्हता किंवा किरकोळ होता. सरकलेली गादी बरेचदा शरीरच हळूहळू शोषून घेतं.

मात्र हातातली ताकद कमी होत गेली, चाल अडखळली, लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि छातीत दुखलं तर आधी ईसीजी, सेम्स-मर्फी नंतर.