पेम्फिगस की पेम्फिगॉइड? एका नावाची दोन नावं कशी झाली

रिपोर्टवर 'बुलस पेम्फिगॉइड' लिहिलेलं असतं आणि घरची मंडळी इंटरनेटवर 'पेम्फिगस' वाचून घाबरून येतात. नावं सारखी वाटतात, कारण एकेकाळी ती एकच होती.

ग्रीक भाषेत 'पेम्फिक्स' म्हणजे फोड. त्यावरून आलेलं पेम्फिगस हे नाव अठराव्या शतकात पाण्याच्या फोडांच्या अनेक आजारांना सरसकट दिलं जाई. १७९१ मध्ये हॅनोव्हरच्या विखमान यांनी ते दीर्घकाळ चालणाऱ्या आजारासाठी वापरलं. १८८४ मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्युरिंग यांनी खूप खाजणाऱ्या बारीक फोडांचा एक आजार वेगळा काढला आणि त्याला 'डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस' म्हटलं. (नावात हर्पिस असलं तरी नागिणीशी त्याचा काही संबंध नाही!)

खरा उलगडा झाला तो सूक्ष्मदर्शकाखाली. १९४३ मध्ये पॅरिसच्या सिव्हात यांनी दाखवलं, की खऱ्या पेम्फिगसमध्ये त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशीच एकमेकींपासून सुटतात. त्याच धाग्यावरून १९५३ मध्ये बोस्टनच्या वॉल्टर लीव्हर यांनी रुग्णांचे दोन गट केले. विटांच्या भिंतीचं उदाहरण घ्या. पेम्फिगसमध्ये विटा सुट्या होतात, म्हणून फोड पातळ, लगेच फुटणारा. बऱ्याचदा सुरुवात तोंडातून. दुसऱ्या गटात भिंत शाबूत राहते, पण पायापासून उचलली जाते. हे फोड टणक असतात आणि बहुतेक वयस्कर माणसांना होतात. याला लीव्हर यांनी नाव दिलं पेम्फिगॉइड, म्हणजे 'पेम्फिगससारखा'.

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता. स्टेरॉइड येण्यापूर्वी पेम्फिगसचे बहुतेक रुग्ण दगावत. पेम्फिगॉइडचे पुष्कळ वाचत. दोघांना एकत्र मोजलं, तर कोण औषधाने वाचला आणि कोण मुळात सौम्य आजारामुळे, हे कळणार कसं?

गंमत म्हणजे लीव्हर यांनी हे केलं तेव्हा हे स्वयंप्रतिकार आजार आहेत हे सिद्धच झालं नव्हतं. १९६४ मध्ये बफेलोच्या बॉयट्नर आणि जॉर्डन यांना पेम्फिगसच्या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच त्वचेविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. ती पेशींच्या सांध्यांवर चिकटत होती. काही वर्षांतच पेम्फिगॉइडचीही सापडली, आणि ती वरच्या थराच्या तळाशी, लीव्हर यांनी दाखवलेल्या जागीच.

ही प्रतिपिंडं पाहायची म्हणूनच आज बायोप्सीचे दोन तुकडे घेतात. एक फोडाचा, दुसरा फोडाशेजारच्या, वरून चांगल्या दिसणाऱ्या त्वचेचा. 'चांगल्या जागेला कशाला धक्का लावता?' असं रुग्ण विचारतात. फोडाच्या जागी ती प्रतिपिंडं नष्ट झालेली असू शकतात, शेजारी मात्र शाबूत सापडतात.