श्वासाचा सूत्रधार

निद्रिस्त मनुष्याचें अवधान सुटतें, हातपाय शिथिल होतात, वाणी मूक होते. परंतु छातीचा भाता कांहीं थांबत नाहीं. मिनिटाला १५ श्वास धरले तर अहोरात्रांत २१,६०० होतात, आणि योगग्रंथांतही हीच संख्या सांगितलेली आहे. हा श्वास इच्छा असेल तर क्षणभर कोंडतां येतो, आणि इच्छेवांचूनही अखंड चालतो. मग या भात्याची दोरी कोणाच्या हातीं आहे? या प्रश्नाचा शोध शतकानुशतकें चालला.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत गॅलेन हा ग्रीक वैद्य पर्गामम येथें ग्लॅडिएटर योद्ध्यांच्या जखमा बांधीत असे. त्यानें जनावरांचा मज्जारज्जु निरनिराळ्या ठिकाणीं छेदून पाहिला. छेद मानेच्या अगदीं वरच्या टोकाशीं पडला कीं श्वास तत्काळ बंद पडे. मानेच्या खालीं पडला तर फासळ्या निश्चल होत, पण छाती व पोट यांमधील पडदा हालत राही. श्वासाची आज्ञा वरून येते, इतकें यावरून कळलें.

ती नेमकी कोठून येते, हें लगाल्वा या फ्रेंच वैद्यानें दाखविलें. त्याचा ग्रंथ १८१२ सालीं प्रसिद्ध झाला. सशाच्या मेंदूचे भाग त्यानें क्रमाक्रमानें काढीत नेले. मोठा मेंदू गेला, लहान मेंदू गेला, तरी ससा श्वास घेतच होता. मेंदूच्या देठाशीं असलेल्या लंबमज्जेच्या एका ठराविक भागाला शस्त्र लागतांच मात्र श्वास थांबला.

स्थान सांपडलें, पण त्या स्थानाला निरोप कोण देतो? प्राणवायु कमी पडला म्हणजे जीव गुदमरतो, अशी सामान्य समजूत आहे. ऑक्सफर्ड येथील हाल्डेन व प्रीस्टली यांच्या १९०५ सालच्या प्रयोगांनीं निराळेंच उत्तर दिलें. फुप्फुसांच्या तळच्या हवेंत कर्बाम्ल वायु, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड, जवळजवळ स्थिर प्रमाणांत असतो. तें प्रमाण शेंकडा ०.२ इतकें जरी वाढलें, तरी श्वसन दुपटीच्या घरांत जातें. ज्याला टाकाऊ म्हणावें, तोच वायु पहाऱ्याची घंटा वाजवितो! प्राणवायूची उणीव बरीच वाढेपर्यंत तशी घंटा वाजत नाहीं. म्हणूनच बुडी मारण्यापूर्वीं भराभर दीर्घ श्वास घेणें धोक्याचें असतें. त्यानें कर्बाम्ल वायु निघून जातो, प्राणवायूचा सांठा मात्र फारसा वाढत नाहीं. आणि श्वासाची ओढ लागण्यापूर्वींच पोहणारा पाण्याखालीं बेशुद्ध होऊं शकतो.

या ज्ञानाची कसोटी १९५२ सालीं कोपनहेगन शहरांत लागली. बालपक्षाघाताच्या सांथींत ब्लेगडॅम रुग्णालयांतील ज्या ३१ रोग्यांवर आरंभींच्या आठवड्यांत यांत्रिक श्वसनाचे उपचार झाले, त्यांपैकीं २७ दगावले. रोग्यांच्या रक्तांत कर्बाम्लाचा अंश फार आढळे. परंतु तो क्षारतेचा विकार समजला जाई. ब्यर्न इब्सेन या भूल देणाऱ्या डॉक्टरानें ओळखलें कीं, श्वास अपुरा पडल्यामुळें तोच वायु रक्तांत सांचत आहे. २७ ऑगस्ट रोजीं एका १२ वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला छिद्र पाडून नळी बसविण्यांत आली, व इब्सेननें रबरी पिशवी हातानें दाबून तिला श्वास दिला. मुलगी वांचली. पुढें कित्येक महिने सुमारें १,५०० विद्यार्थी पाळीपाळीनें रोग्यांच्या उशाशीं बसून रात्रंदिवस पिशव्या दाबीत होते, आणि मृत्यूंचें प्रमाण पुष्कळच खालीं आलें. रुग्णालयांतील अतिदक्षता विभागाची परंपरा तेथून वाढली.

१९९१ सालीं संशोधकांनीं नवजात उंदरांच्या लंबमज्जेंत श्वासाचा ठेका धरणारा पेशींचा एक लहानसा पुंज दाखवून दिला. असा पुंज जें काम जन्मभर न सांगतां करितो, तेंच काम एका रोग्यासाठीं एक दिवस चालू ठेवण्यास कोपनहेगनांत माणसांच्या पाळ्या लावाव्या लागल्या होत्या.