आनुवंशिक कीं जनुकीय ?

‘कर्करोग आनुवंशिक आहे’ असें विधान अलीकडे वर्तमानपत्रांतून वारंवार वाचावयास मिळतें. आणि तें वाचून, ज्या घरांत हा रोग एकदां येऊन गेला आहे त्या घरच्या मुलामुलींच्या सोयरिकीविषयीं जी कुजबुज सुरू होते, ती आमच्या वाचकांस अपरिचित नसेल. हा घोटाळा पुष्कळसा एका शब्दामुळें झाला आहे असें आमचें मत आहे. शास्त्रज्ञांस म्हणावयाचें असतें तें एवढेंच कीं, कर्करोग हा पेशींतील जनुकांच्या बिघाडाचा रोग आहे. म्हणजे तो ‘जनुकीय’ आहे. तो बिघाड आईबापांकडून आला, असें त्यांत म्हटलेलें नसतें. बहुतेक वेळां तो रोग्याच्या स्वतःच्या शरीरांत, त्याच्या हयातींत, एखाद्या पेशींत झालेला असतो आणि त्याच्याबरोबरच संपतो. वंशांतून उतरणारा बिघाड ही निराळी गोष्ट. तीही खरी, पण विरळ. इंग्रजींत ह्या दोहोंस दोन शब्द आहेत. आपण मात्र एका ‘आनुवंशिक’ शब्दांत दोन्ही अर्थ कोंबतों. शास्त्रांतही हे अर्थ एकदम वेगळे झाले नाहींत. त्यास जवळजवळ ऐंशी वर्षें लागलीं. आणि नवल असें कीं, हें काम ज्या रोगांच्या आधारें बव्हंशीं झालें, ते कर्करोगांच्या समुदायांत अगदीं अल्पसंख्य आहेत.

मांस, मेद, स्नायु, रक्तवाहिन्या, कूर्चा आणि अस्थि ह्यांत उद्भवणाऱ्या दुष्ट अर्बुदांस पाश्चात्य वैद्यकांत ‘सार्कोमा’ म्हणतात. ग्रीक भाषेंत ‘सार्क्स’ म्हणजे मांस. आपल्याकडे सुश्रुतानें निदानस्थानांत अर्बुदांचे जे सहा प्रकार सांगितले आहेत त्यांत ‘मांसार्बुद’ हा एक असून तो असाध्य मानला आहे. सुश्रुताचें मांसार्बुद आणि आजचा सार्कोमा हे तंतोतंत एकच, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. ‘आमच्याकडे हें सर्व पूर्वींच होतें’ असें म्हणणाऱ्यांची संख्या पुरेशी आहे. पण शब्द चांगला आहे, म्हणून तो आम्ही घेतों. प्रौढांस होणाऱ्या शंभर कर्करोगांत ह्या जातीचा एखादाच निघतो. मुलांत तें प्रमाण बरेंच अधिक. त्यांतही पोटभेद पन्नासांहून अधिक. अशा रोगाकडे संशोधकांनीं पाठ फिरविली असती तरी त्यांस कोणी दोष दिला नसता.

इ. स. १९०९ मध्यें न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत पेटन राउस ह्या तिशीच्या उंबरठ्यावरील वैद्याकडे एका शेतकऱ्यानें आपली प्लिमथ रॉक जातीची कोंबडी आणली. तिच्या छातीवर मोठें अर्बुद वाढलें होतें. राउस ह्यांनीं त्याचे तुकडे तिच्या जवळच्या नात्यांतल्या कोंबड्यांत लाविले व तेथें तें वाढलें. इथवर विशेष कांहीं नव्हतें. उंदरांत अशीं रोपणें पूर्वीं झालींच होतीं. पुढची पायरी मात्र अपूर्व होती. त्यांनीं तें अर्बुद वाटून त्याचा रस इतक्या बारीक गाळणींतून गाळला कीं, पेशी तर राहोतच, पण सूक्ष्मजंतुही पलीकडे जाऊं नयेत. आणि तो नितळ रस निरोगी कोंबडीस टोंचला. तिच्या अंगांत तेंच मांसार्बुद उठलें. १९११ मध्यें हें प्रसिद्ध झालें.

विद्वानांनीं त्याचें स्वागत कसें केलें म्हणाल, तर कांहीं म्हणाले हें खरें अर्बुदच नव्हे, आणि कांहीं म्हणाले गाळणींतून पेशी निसटल्या असतील. कोंबडीच्या रोगाशीं मनुष्याचा काय संबंध, असें विचारणारेही होते. राउस ह्यांनीं उंदरांत तोच प्रयोग करून पाहिला. तो साधला नाहीं. तेव्हां त्यांनीं तो विषय पुष्कळ वर्षें बाजूस ठेविला. पहिलें महायुद्ध चालूं असतां, १९१६ मध्यें, त्यांनीं व टर्नर ह्यांनीं रक्त टिकवून ठेवण्याची रीति काढली, आणि तिच्या आधारें पुढील वर्षीं फ्रान्समध्यें जखमी सैनिकांकरितां रक्ताचा सांठा करण्यांत आला. आजच्या रक्तपेढ्यांच्या मुळाशीं हें काम आहे. एवढ्यावरही हा मनुष्य कीर्तीस पात्र झाला असता. नोबेल पारितोषिकासाठीं त्यांचें नांव प्रथम १९२६ मध्यें सुचविलें गेलें. तें मिळालें १९६६ मध्यें, वयाच्या ८७ व्या वर्षीं. त्यांचे जांवई अॅलन हॉजकिन ह्यांस तें तीन वर्षें आधींच मिळून चुकलें होतें !

आतां ह्या शोधाचा अर्थ काय ? वरवर पाहतां एकच : कर्करोग बाहेरून येतो, विषाणु तो आणतो. ह्याच्या विरुद्ध दुसरा पक्ष होता. पेशींतील गुणसूत्रांचा मेळ बिघडल्यानें अर्बुद होतें, असें जर्मन प्राणिशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी ह्यांनीं १९१४ मध्यें मांडलें होतें. हा वाद पन्नास वर्षांहून अधिक चालला. राउस स्वतः ह्या दुसऱ्या पक्षाचे कट्टर विरोधक. पारितोषिक घेतांना त्यांनीं जें व्याख्यान दिलें त्यांतही त्या मताचा त्यांनीं समाचार घेतला. १९७० मध्यें ते वारले. त्या मतास निर्णायक पुरावा पुढें मिळाला तो त्यांच्याच कोंबडीपासून.

त्याच १९७० सालीं स्टीव्ह मार्टिन ह्यांनीं राउस ह्यांच्या विषाणूचा असा एक भेद मिळविला कीं, तो एका तपमानावर पेशींस बिघडवी, आणि तपमान वाढवितांच त्याच पेशी पूर्ववत् दिसूं लागत. विषाणूची पैदास मात्र दोन्ही स्थितींत चालूच. म्हणजे अर्बुद करणारें जनुक वेगळें, आणि विषाणूच्या स्वतःच्या संसारास त्याची गरज नाहीं. सार्कोमावरूनच त्या जनुकास ‘सार्क’ हें नांव पडलें. मग हें आगंतुक बिऱ्हाड विषाणूच्या घरांत आलें कोठून ? सॅन फ्रान्सिस्को येथें मायकेल बिशप व हॅरल्ड व्हार्मस ह्यांच्या प्रयोगशाळेंत डॉमिनिक स्टेहेलिन ह्या फ्रेंच संशोधकानें ह्या जनुकाशीं तेवढा जुळणारा एक खुणेचा धागा तयार केला, आणि तो निरोगी पक्ष्यांच्या जनुकद्रव्याशीं जुळवून पाहिला. १९७६ मध्यें उत्तर प्रसिद्ध झालें : सार्क जनुक निरोगी कोंबडींत आहे, लाव्यांत आहे, बदकांत आहे, फार दूरच्या एमूंतही आहे. पुढें तें मनुष्यांतही सांपडलें. विषाणूनें तें आणलें नव्हतें. त्यानेंच तें केव्हांतरी कोंबडीपासून उचललें होतें, आणि तें त्याच्या हातीं बिघडलें होतें. निरोगी स्थितींत हें जनुक पेशीच्या वाढीचीं साधीं कामें करतें. शत्रु म्हणून ज्याचा शोध चालला होता तो घरचाच एक कामकरी निघाला.

१९८९ चें नोबेल पारितोषिक बिशप व व्हार्मस ह्यांस मिळालें. स्टेहेलिन ह्यांनीं आपणांस वगळल्याबद्दल जाहीर तक्रार केली. ज्यानें प्रयोग हातानें केला त्यास वाटा नसावा हें आम्हांस खटकतें. असो.

विषाणूवांचून, मनुष्याच्या शरीरांत, आपलेंच जनुक कसें मोडतें, ह्याचें अत्यंत स्पष्ट उदाहरण अस्थींनीं दिलें. मुलांच्या व तरुणांच्या हाडांत होणारें एक अर्बुद जेम्स यूइंग ह्यांनीं १९२१ मध्यें वर्णिलें; तें त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. १९८३ मध्यें त्या पेशींत ११ व्या व २२ व्या गुणसूत्रांनीं आपापले तुकडे बदललेले दिसले. १९९२ मध्यें ऑलिव्हिए देलात्र व त्यांचे सहकारी ह्यांनीं पॅरिस येथें दाखविलें कीं, त्या सांध्यावर दोन जनुकांचे भाग चिकटून तिसरेंच जनुक तयार होतें. दोन पोथ्या बांधतांना पानांची अदलाबदल व्हावी, आणि एका विधीचा आरंभ दुसऱ्याच विधीच्या शेवटास जोडला जावा, तसा हा प्रकार. एका भागास इतर जनुकांवर जाऊन बसण्याची शक्ति, दुसऱ्यास त्यांस जोरानें चालविण्याची. दोन्ही एकत्र आल्यावर जीं जनुकें बंद असावयाचीं तीं चालूं होतात. ही अदलाबदल होते ती त्या मुलाच्याच शरीरांतल्या एका पेशींत. ती आईकडून येत नाहीं, बापाकडून येत नाहीं, भावंडांत नसते. अशा मुलाच्या बहिणीस ह्या कारणावरून कोणी नाकारील, तर त्यास शास्त्राचा आधार मुळींच नाहीं.

एवढें ज्ञान झालें म्हणून औषध सांपडलें असें मात्र नव्हे. त्या जोडजनुकावरच नेमका चालणारा खात्रीचा उपाय तीस वर्षें उलटून गेलीं तरी हातीं आलेला नाहीं. शस्त्रक्रिया, किरण आणि तीव्र औषधें ह्यांवरच उपचार चालतो. उलट जठराच्या व आंतड्यांच्या भिंतींत होणाऱ्या एका मांसार्बुदाचें दैव अधिक चांगलें. सार्क जनुक ज्या प्रकारचें प्रथिन बनवितें त्याच प्रकारचें प्रथिन बनविणारें ‘किट’ हें जनुक तेथें बिघडलेलें असतें, असें १९९८ मध्यें जपानी संशोधकांनीं दाखविलें. आणि रक्ताच्या कर्करोगासाठीं तयार झालेलें इमॅटिनिब हें औषध २००० मध्यें हेलसिंकी येथें अशा एका रोग्यास देतांच अर्बुद आटूं लागलें.

राहिला दुसरा अर्थ, वंशाचा. १९६९ मध्यें अमेरिकेंतील फ्रेडरिक ली व जोसेफ फ्रॉमेनी ह्या दोन वैद्यांनीं चार कुटुंबांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांत मुलांस मांसार्बुदें झालीं होतीं, आणि तरुण आयांस व इतर नातलगांस स्तनाचे व अन्य कर्करोग. हा एका कुळाचा रोग असावा काय, असें त्यांनीं लेखाच्या मथळ्यांतच प्रश्नचिन्ह घालून विचारलें. हें चिन्ह घालण्यांतील संयम आम्हांस फार आवडतो. चार कुटुंबें म्हणजे योगायोगही असूं शकला असता. एका घरांत राहणाऱ्यांस एकच विषाणु लागला, असेंही म्हणतां आलें असतें. उत्तर मिळण्यास एकवीस वर्षें लागलीं. १९९० मध्यें डेव्हिड मॉल्किन व त्यांचे सहकारी ह्यांनीं अशा कुटुंबांत १७ व्या गुणसूत्रावरील ‘पी ५३’ हें जनुक जन्मतःच बिघडलेलें असतें, असें दाखविलें. ली व फ्रॉमेनी हेही त्या कामांत होते. ह्या जनुकाचें काम पहाऱ्याचें : पेशींतील जनुकद्रव्यास इजा झाली कीं तिची वाढ थांबवावयाची, आणि इजा दुरुस्त होण्याजोगी नसेल तर ती पेशीच संपवावयाची. आईबापांपैकीं एकांत बिघाड असेल तर प्रत्येक मुलांत तो येण्याचा संभव निम्मा.

येथेंच आरंभीच्या दोन शब्दांतला भेद सर्वांत स्वच्छ दिसतो. हेंच पी ५३ जनुक मनुष्याच्या एकूण कर्करोगांपैकीं सुमारें निम्म्यांत मोडलेलें आढळतें. परंतु त्या रोग्यांपैकीं फारच थोड्यांस तें मोडकें असें जन्मतः मिळालेलें असतें. जनुक तेंच, मोडही पुष्कळदां तीच. पण एका घरीं ती वंशांत चालते, आणि शेजारच्या घरीं रोग्याच्या एका पेशीपलीकडे जात नाहीं. केवळ रोगाचें नांव ऐकून हें कोणासही ओळखतां यावयाचें नाहीं. लहान वयांत मांसार्बुद, तरुणपणीं स्तनाचा कर्करोग, असें एकाच रक्ताच्या नात्यांत वारंवार घडलें तर मात्र शंका घ्यावी व रक्ताची परीक्षा करावी.

आणि परीक्षेंत बिघाड निघाला तरी पुढें करण्यासारखें आहे. टोरांटो येथें मॉल्किन व इतरांनीं अशा कुटुंबांतील माणसांची ठराविक मुदतीनें तपासणी सुरू केली. संपूर्ण शरीराचें चुंबकीय चित्रणही तींत होतें. २०१६ मध्यें त्यांनीं जे आंकडे प्रसिद्ध केले त्यांप्रमाणें, तपासणींत राहिलेल्यांपैकीं पांच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा सुमारें ८९ होतें, आणि तींत न राहिलेल्यांपैकीं शेंकडा सुमारें ६०. अशा रोग्यांस किरणोपचार शक्य तों टाळतात, कारण त्यांनींच नवें अर्बुद उद्भवण्याचें भय असतें. म्हणजे कुळाचा वृत्तांत वैद्यापासून लपविला तर उपचारच अपायकारक होण्याचा संभव. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत अशा कुटुंबांस सल्ला देण्याची व जनुकांची परीक्षा करण्याची सोय आहे. तेथें जातांना कोणत्या नातलगास, कोणत्या वयांत, कोणत्या अवयवाचा रोग झाला, ह्याची टिपणी मातृकुळ व पितृकुळ दोन्हींकडची करून न्यावी लागते. आणि आमच्याकडे मातृकुळाची ही माहिती घरांतील वृद्ध स्त्रियांवांचून बहुधा कोणापाशींच नसते.