मी हे पाहिले : गोयाची उत्तरायुष्यातील युद्धचित्रे

न्यायालयात साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला, त्याची शपथ झाली, नाव-गाव-वय लिहून घेतले गेले, की मुद्द्याचा प्रश्न येतो : "हे तुम्ही स्वतः पाहिले काय?" वीस वर्षांच्या वकिलीत एक गोष्ट माझ्या मनावर ठसली आहे. सर्व काही आपल्या डोळ्यांसमोरच घडले असे जो सांगतो, त्याची साक्ष उलटतपासणीत सहसा टिकत नाही. "एवढे मी पाहिले, बाकीचे ऐकले," असे जो म्हणतो, त्याच्यापुढे मात्र कसलेल्या वकिलालाही जपून पाऊल टाकावे लागते.

स्पेनचा चित्रकार फ्रान्सिस्को गोया याची 'युद्धाचे अनर्थ' ही चित्रमाला पाहताना मला या अनुभवाची आठवण झाली. तिच्यातील प्रत्येक चित्राखाली त्याने चारदोन शब्द लिहिले आहेत. ८० चित्रांपैकी ४४ व्या चित्राखाली शब्द आहेत : 'मी हे पाहिले'. पुढच्याच चित्राखाली : 'आणि हेही'. या मालेत कापलेली शरीरे आहेत, झाडाला लटकणारी प्रेते आहेत, शत्रूने विटंबिलेल्या स्त्रिया आहेत. परंतु 'मी हे पाहिले' हे शब्द त्यांपैकी कशाखालीही नाहीत. त्या चित्रात रक्ताचा थेंबसुद्धा नाही. गाव सोडून लोक पळत आहेत. कोणी पैशाची थैली सांभाळीत पाय काढतो आहे, आणि एक आई कडेवर एक मूल घेऊन, मागे राहिलेल्या दुसऱ्या मुलाला हाताने ओढते आहे. एवढेच. जे पाहिले त्यापेक्षा अधिक पाहिल्याचा दावा या माणसाने केला नाही, म्हणूनच त्याच्या बाकीच्या चित्रांवर माझा विश्वास बसतो.

गोयाचा जन्म १७४६ मध्ये आरागॉन प्रांतातील फुएंदेतोदोस या लहानशा खेड्यात झाला. राजवाड्यातील भिंतींवर टांगावयाच्या गालिच्यांसाठी तो प्रथम आनंदी चित्रे काढीत असे : सहली, खेळ, छत्रीखाली बसलेल्या तरुणी. १७९२ च्या अखेरीस तो भयंकर आजारी पडला आणि त्यातून उठला तो कायमचा बहिरा होऊन. तथापि त्याचा उत्कर्ष थांबला नाही. १७९९ मध्ये तो राजाचा प्रथम चित्रकार झाला. १८०८ मध्ये नेपोलियनच्या फौजा माद्रिदमध्ये आल्या, त्या वेळी तो बासष्ट वर्षांचा होता. त्या वयात दरबारी माणूस निवृत्तीची भाषा बोलू लागतो. गोयाचे खरे काम त्यानंतर सुरू झाले.

२ मे १८०८ रोजी माद्रिदचे सामान्य लोक चाकू-सुऱ्या घेऊन फ्रेंच सैन्यावर तुटून पडले. सेनापती म्यूरा याने हुकूम काढला की, ज्याच्याजवळ शस्त्र सापडेल त्यास गोळी घालावी. त्या रात्री आणि ३ मेच्या पहाटे पकडलेल्या लोकांना ओळीने उभे करून मारण्यात आले. पुढे सहा वर्षे युद्ध चालले. नेपोलियनचा भाऊ जोसेफ माद्रिदच्या सिंहासनावर बसला. खेड्यापाड्यांत शेतकरी, पाद्री, चोर, देशभक्त सारेच शस्त्र धरून उठले. सारागोसा शहराने पहिला वेढा परतविल्यावर तेथील सेनापती पालाफॉक्स याने १८०८ च्या शरद ऋतूत गोयाला बोलावून घेतले. उद्देश हा की, त्याने भग्न शहर पाहावे आणि नागरिकांच्या पराक्रमाची चित्रे काढावी. गोया गेला, त्याने पाहिले. परंतु पराक्रमाची चित्रे त्याच्या हातून फारच थोडी झाली.

त्याऐवजी १८१० पासून तो तांब्याच्या पत्र्यांवर आम्लाने रेषा कोरू लागला. युद्धात चांगला पत्रा मिळेना, तेव्हा आपल्याच जुन्या निसर्गदृश्यांचे पत्रे कापून त्याने त्यांच्या पाठीमागे यांतील काही चित्रे कोरली. पुढील बाजूस झाडे आणि पाणी, मागील बाजूस प्रेते : हा योग त्याने मुद्दाम आणला नव्हता, टंचाईने आणला होता.

मालेतील दुसऱ्या चित्रात फ्रेंच शिपाई संगिनी रोखून आहेत आणि दोन स्पॅनिश माणसे भाला-सुरी घेऊन त्यांच्यावर धावत आहेत. खाली शब्द : 'सकारण असो वा अकारण'. उलट तिसऱ्या चित्रात स्पॅनिश माणसाने कुऱ्हाड उगारली आहे आणि फ्रेंच शिपाई खाली पडला आहे. खाली शब्द : 'तेच'. युद्ध चालू असताना, शत्रू आपल्याच राजधानीत बसलेला असताना, हे शब्द लिहिणे किती अवघड असेल याचा वाचकांनी विचार करावा. २८ व्या चित्रात तर शत्रू नाहीच. जमाव जमिनीवर पडलेल्या एका देहाला बडवतो आहे आणि चित्राचे नाव आहे 'हलकट गर्दी'. ३४ व्या चित्रात एका माणसाचा खांबाला बांधून गळा आवळला आहे, हातात क्रूस दिला आहे आणि छातीवर त्याचा गुन्हा टांगला आहे. खाली शब्द : 'एका चाकूसाठी'. मुद्देमाल आणि शिक्षा यांच्यातील अंतर दाखवायला याहून अधिक शब्द लागत नाहीत. २६ व्या चित्रात गुहेसारख्या अंधारात बायका-मुले-माणसे गुडघे टेकून दयेची याचना करीत आहेत. उजव्या कडेने केवळ संगिनींची टोके आत आली आहेत. संगिनी धरणारे हात चित्राबाहेर आहेत. 'हे पाहवत नाही,' असे गोया लिहितो. आणि पाहावयास लावतो.

१८११ च्या शरदात माद्रिदमध्ये दुष्काळ सुरू झाला आणि १८१२ च्या उन्हाळ्यापर्यंत चालला. त्यात सुमारे २० हजार माणसे मेल्याचे सांगतात. या मालेतील सतरा चित्रे या भुकेची आहेत आणि माझ्या मते ती लढाईच्या चित्रांपेक्षाही जिव्हारी लागतात. येथे मारणारा कोणीच दिसत नाही. एका चित्रात मरणाऱ्या स्त्रीला कोणी वाटीभर काही पाजते आहे : 'वाटीचा काय उपयोग?' दुसऱ्यात चांगले कपडे घातलेली मंडळी भुकेल्यांच्या घोळक्याजवळ उभी आहेत : 'ते दुसऱ्या जातीचे असतील तर!' त्यानंतर प्रेतांनी भरलेल्या गाड्या.

आता उलटतपासणी. साक्षीदाराचा हितसंबंध तपासल्याशिवाय साक्ष ग्राह्य धरू नये, आणि गोयाच्या बाबतीत विरुद्ध पक्षाजवळ विचारण्यासारखे पुष्कळ आहे. या माणसाने जोसेफ बोनापार्टशी एकनिष्ठतेची शपथ घेतली. १८१० मध्ये माद्रिदच्या नगरसभेसाठी त्याने एक रूपकचित्र काढले, त्यातील वर्तुळात जोसेफचा चेहरा होता. १८१२ मध्ये फ्रेंच गेले, तेव्हा चेहरा पुसून तेथे 'संविधान' हा शब्द लिहिला गेला. फ्रेंच परतले, चेहरा परत आला. ते पुन्हा गेले, शब्द परत आला. मग फर्दिनांद राजाचा चेहरा आला. आज त्या वर्तुळात 'दोन मे' ही अक्षरे आहेत. १८११ मध्ये जोसेफने दिलेले पदकही गोयाने स्वीकारले. युद्धानंतर फर्दिनांद सातवा परत आला, संविधान रद्द झाले, धर्मन्यायालय पुन्हा सुरू झाले आणि शत्रूशी सहकार्य केल्याच्या संशयावरून दरबारातील नोकरांची चौकशी झाली. गोयाचीही झाली. त्याने ते पदक कधी छातीवर लावले नाही, अशी साक्ष पडली आणि १८१५ मध्ये तो निर्दोष ठरला.

मला ही हकीगत लपवावीशी वाटत नाही. गोया हुतात्मा नव्हता. पगार, घर आणि जीव सांभाळणारा माणूस होता. दिवसा ज्याचे मीठ खाल्ले त्याच्या शिपायांची कृत्ये त्याने घरात बसून तांब्यावर कोरली. साक्षीदार निष्कलंक असावा लागतो हा फौजदारी कायद्याचा नियम नाही. त्याच्या सांगण्याने त्याला स्वतःला काय लाभ झाला, हे पाहावे लागते. गोयाला या चित्रांपासून कवडीचाही लाभ झाला नाही. त्याच्या हयातीत ती प्रसिद्धच झाली नाहीत. एका मित्राला त्याने छापांची एक प्रत बांधून दिली. बाकी पत्रे पडून राहिले. गोया १८२८ मध्ये वारला आणि माद्रिदच्या सान फर्नांदो अकादमीने ही माला १८६३ मध्ये छापली.

जे त्याने उघडपणे मांडले ते १८१४ मध्ये. जुलमाविरुद्धच्या उठावाचे स्मरण आपल्या कुंचल्याने करण्याची परवानगी त्याने त्या वर्षी सरकारकडे मागितली आणि दोन मोठी चित्रे काढली. त्यांतील '३ मे' हे चित्र प्रादो संग्रहालयात आहे. साडेतीन मीटर रुंद. उजवीकडे बंदुका रोखलेले शिपाई : एकाचाही चेहरा दिसत नाही, सारे पाठमोरे. जमिनीवर एक चौकोनी कंदील. त्याच्या उजेडात पांढरा सदरा घातलेला, दोन्ही हात पसरून गुडघ्यांवर असलेला एक काळासावळा मजूर. तो सेनापती नाही, राजपुत्र नाही. त्याचे नाव आपल्याला कळत नाही. तोवर युद्धचित्रात मध्यभागची जागा घोड्यावरच्या विजेत्याची असे. गोयाने ती जागा या माणसाला दिली.

त्यानंतरचा गोया अधिकच एकाकी होत गेला. १८१९ मध्ये त्याने माद्रिदबाहेर एक घर घेतले. पूर्वीच्या एका मालकामुळे 'बहिऱ्याची वाडी' हे त्या घराचे नाव आधीपासूनच पडलेले होते. तेथील भिंतींवर त्याने चौदा चित्रे काढली. त्यांना आज 'काळी चित्रे' म्हणतात : आपले अपत्य खाणारा शनी, सोटे घेऊन एकमेकांचे डोके फोडणारे दोन पुरुष, रिकाम्या अवकाशाखाली केवळ डोके वर काढलेला कुत्रा. ती कोणी मागितली नव्हती. त्यांत युद्ध नाही, पण युद्ध पाहिलेला माणूस आहे. १८२४ मध्ये तो फ्रान्सला गेला आणि बोर्दो येथे वारला. ज्या देशाच्या शिपायांविरुद्ध त्याने साक्ष लिहून ठेवली, त्याच देशात त्याला निवांत मरण आले.

या कथेचा एक धागा आपल्याकडे येतो. १२ ऑगस्ट १८१२ रोजी माद्रिदमध्ये विजयी प्रवेश करणारा आणि गोयासमोर चित्रासाठी बसणारा वेलिंग्टन म्हणजे आपल्या इतिहासातील आर्थर वेल्स्ली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेला, तोच. गोयाने लाल खडूने काढलेल्या त्याच्या चित्रात चेहरा सुकलेला आणि डोळे ताणलेले आहेत. असईच्या रणात इंग्रजांकडील दीड हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशीच पडले. त्या लढाईची चित्रे पुढे इंग्रजांनी काढली, त्यांत मध्यभागी घोड्यावर सेनापती आहे. त्याच सुमारास, १८०३-०४ मध्ये, युद्धाने आणि लुटीने उजाड झालेल्या नगर प्रांतात मोठा दुष्काळ पडला. माद्रिदच्या दुष्काळातील चेहरे मी पाहिले आहेत. नगरच्या दुष्काळातील एकही चेहरा माझ्या पाहण्यात नाही.

आपल्याकडे पाहणारे नव्हते असे नाही. वरसईचे गोडसे भटजी १८५८ मध्ये झाशीच्या कत्तलीत सापडले आणि त्यांनी जे पाहिले ते साध्या मराठीत लिहून ठेवले; 'माझा प्रवास' हे ते पुस्तक त्यांच्या पश्चात, १९०७ मध्ये छापले गेले. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, बेळगाव येथल्या जुन्या घरांत अजून माळ्यावर मोडी कागदांची बासने असतील. त्यांत आपण बहुधा वतनाचे हक्क आणि सरदारांची नावे शोधतो. एखाद्या पत्राच्या कडेला धान्याचा भाव, पळालेल्या कुळांचा आकडा, वाटेत पाहिलेल्या मढ्यांविषयी एखादी ओळ असेल, तर ती पुढच्या वेळी वगळू नये.

गोयाच्या मालेतील शेवटची दोन चित्रे अशी आहेत. पहिल्यात सत्य स्त्रीरूपाने मेलेले पडले आहे आणि त्याला पुरण्याची तयारी चालू आहे. खाली शब्द : 'सत्य मेले'. दुसऱ्यात त्या देहातून उजेड येतो आहे. खाली प्रश्न : 'ते पुन्हा उठेल काय?' निकाल त्याने लिहिला नाही. साक्षीदाराने तो लिहावयाचा नसतो.