महाजालावरील ज्ञानभांडार आणि वर्गांतील शिक्षक

शाळामास्तराला पूर्वीं साधनांची वानवा होती. खडू, फळा, भिंतीवरचा एखादा नकाशा आणि क्रमिक पुस्तक एवढ्या शिदोरीवर त्याचें वर्ष सरे. विसाव्या शतकाच्या अखेरीस इंटरनेटचा प्रसार झाला आणि ही अडचण मागें पडून तिच्या जागीं अगदीं उलट अडचण उभी राहिली. 'अपूर्णांक' एवढा एक शब्द लिहून शोध घ्यावा, तों पाठ, आकृत्या, चित्रफिती आणि खेळ यांचा असा लोंढा येतो कीं, उद्यांच्या तासाला त्यांतलें नेमकें काय उपयोगी पडेल हें ठरवितां ठरवितां रात्र सरते. दुष्काळांतून सुटलेला मनुष्य महापुरांत सांपडावा, तशांतला हा प्रकार.

या पुरांतून वाट काढण्याचा एक जुना आणि शहाणपणाचा प्रयत्न १९९७ सालीं कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीनें केला. 'मरलॉट' हें त्या संग्रहाचें नांव. संग्रह म्हणावयाचा, परंतु मूळ साहित्य ज्याच्या त्याच्या ठिकाणींच राही. येथें असे तें त्याचा ठावठिकाणा आणि त्यावरील जाणकारांचा अभिप्राय. मजकूर बिनचूक आहे काय, तो शिकविण्याच्या कामीं परिणामकारक ठरेल काय, आणि वापरावयास सोपा आहे काय, अशा तीन कसोट्या त्या त्या विषयाचे अध्यापक लावीत. चांगला ग्रंथपाल जें काम मुकाट्यानें करीत आला, तेंच हें काम होय.

पुढची मोठी घटना मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत घडली. इंटरनेटवरून शिक्षण विकून पैसा करण्याचीं स्वप्नें त्या काळीं अनेकांना पडत होतीं. या संस्थेनेंही त्या दिशेनें विचार करण्यास समिती नेमली होती. समितीनें सल्ला दिला तो मात्र, आपलें पाठ्यसाहित्य सर्वांना फुकट द्यावें, असा! ४ एप्रिल २००१ रोजीं तशी घोषणा झाली. पुढच्या वर्षीं पन्नास अभ्यासक्रम खुले झाले, आणि २००७ च्या अखेरीपर्यंत ही संख्या अठराशेंवर गेली. जुलै २००२ मध्यें युनेस्कोच्या पॅरिस येथील बैठकींत अशा साहित्याला 'मुक्त शैक्षणिक साधनें' हें नांव मिळालें.

परंतु फुकट वाचावयास मिळणें निराळें आणि हात लावण्याची मोकळीक असणें निराळें. शिक्षकाला दुसऱ्याचा पाठ जसाच्या तसा क्वचितच चालतो. उदाहरणें बदलावीं लागतात, परकी भाषा आपलीशी करावी लागते. आणि येथें लेखाधिकाराचा कायदा आडवा येतो. ही कोंडी डिसेंबर २००२ मध्यें निघालेल्या 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्यांनीं बरीचशी फोडली. कर्त्याचें नांव राखून बदल करावा कीं करूं नये, धंदा करावा कीं करूं नये, हें कर्ता आधींच सांगून ठेवूं लागला. साधन निवडतांना चित्रांच्या आकर्षकपणाकडे सर्वांचें लक्ष जातें. तळाशीं बारीक अक्षरांत लिहिलेल्या या दोन ओळींकडे फारच थोड्यांचें जातें.

तथापि हा सारा व्यवहार बहुतांशीं इंग्रजींतला आणि विद्यापीठांतला. जिल्हा परिषदेच्या शाळेला त्याचा काय उपयोग? तिच्यापर्यंत वाट पोंचविली ती एका चौकोनी ठिपकेदार चिन्हानें. १९९४ सालीं जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनींत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठीं जन्मलेला हा क्यूआर कोड सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या प्राथमिक शाळेंत रणजितसिंह डिसले या शिक्षकांनीं पाठ्यपुस्तकांत आणला. पानावर मोबाइल धरला कीं कविता ऐकूं यावी, पाठ दिसावा. पुढें राज्याच्या पाठ्यपुस्तकांत हीं चिन्हें आलीं. ५ सप्टेंबर २०१७ रोजीं केंद्र सरकारचें 'दीक्षा' हें व्यासपीठ सुरू झालें, त्यानेंही हीच युक्ति उचलली. चिन्हाखालीं सहा अक्षरांचा संकेत असतो. तो टंकला तरी काम भागतें, आणि साहित्य एकदां उतरवून घेतलें कीं वर्गांत इंटरनेट नसलें तरी अडत नाहीं.

शोधाचा शीण यानें पुष्कळ वांचला, हें खरें. पण २०२० सालीं करोनामुळें शाळा बंद पडल्या तेव्हां चिन्ह मुलाच्या पुस्तकांत आणि मोबाइल कामावर गेलेल्या बापाच्या खिशांत, अशी स्थिति घरोघरीं दिसली. त्याच वर्षीं ३ डिसेंबर रोजीं डिसले यांना दहा लक्ष डॉलरांचें 'ग्लोबल टीचर प्राइझ' जाहीर झालें, आणि त्यांतली निम्मी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांना वांटून टाकली. बक्षिसाची ही गोष्ट सर्वतोमुखीं झाली. त्यामानानें दुसरी कमी सांगितली जाते. परितेवाडीच्या मुलींची घरची भाषा कानडी होती आणि पुस्तकें त्या भाषेंत नव्हतीं. डिसले आधीं कानडी शिकले. मग पहिली ते चौथीच्या पुस्तकांची नव्यानें मांडणी करून त्यांनीं तीं चिन्हें पानांवर घातलीं.